उजेड, गोंगाट आणि पाखरे : सातारा-सांगलीच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

प्राणिशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रबंधिकेसाठी विषय शोधू लागला म्हणजे अलीकडे त्याची दृष्टी ज्या थोड्या विषयांवर हटकून स्थिरावते, त्यांत कृत्रिम प्रकाश आणि मानवनिर्मित गोंगाट यांचा पक्षिजीवनावर होणारा परिणाम हा एक असतो. आणि त्यात नवल नाही, कारण या विषयास ना प्रयोगशाळेतील महाग उपकरणे अपरिहार्य असतात, ना दूरच्या अरण्याचा प्रवास. साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचे विश्रामबाग, रात्री उशिरापर्यंत दिव्यांचा झगझगाट आणि वाहनांचा कोलाहल तेथे फुकट उपलब्ध असतो, आणि पाखरेही तेथे असतातच. परंतु विषयाची हीच सुलभता विद्यार्थ्याला गोत्यात आणते. तो शहरातील एक चौक निवडतो, तुलनेसाठी कासचे पठार निवडतो, दोन्ही ठिकाणी पाखरे मोजतो, आणि उजेड व आवाज यांमुळे पक्षी कमी झाले असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने मांडतो. वास्तविक त्याने सिद्ध केलेले असते ते एवढेच, की चौक हा चौक आहे आणि पठार हे पठार आहे. चौकात उजेड व आवाज यांच्या जोडीने डांबर आहे, उकिरडा आहे, मांजरे आहेत, झाडांचा अभाव आहे. यांपैकी कशाचा परिणाम कोणता, हे त्या आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

म्हणून या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते प्रारंभीच सांगून टाकतो. उजेड आणि गोंगाट ही जोडगोळी बहुधा एकत्रच फिरते. तिची फारकत जेथे झालेली आहे अशी जागा, अथवा जेव्हा होते अशी वेळ, शोधून काढणे हेच या संशोधनातील निम्मे काम होय. आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत, त्यांच्या शेतीच्या, पाटबंधाऱ्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या विशिष्ट व्यवहारामुळे, अशा जागा व अशा वेळा जितक्या सापडतात तितक्या पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास सापडणे कठीण आहे.

तथापि जागेकडे वळण्यापूर्वी शास्त्राला आजवर काय ठाऊक झाले आहे याची उजळणी करणे अवश्य आहे. प्रकाशाचा आणि पक्ष्यांच्या प्रजननाचा संबंध प्रथम प्रयोगाने दाखवून दिला तो कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या विल्यम रोवन यांनी. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी जंको नावाच्या चिमणीएवढ्या स्थलांतरी पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले, विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस हळूहळू लांबवला, आणि कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या जननग्रंथींची वाढ वसंत ऋतूप्रमाणे होते असे दाखविले. पुढील संशोधनाने असे निष्पन्न झाले, की पक्ष्याला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या मेंदूतच खोलवर असतात. रात्रीच्या अंधारात स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीराच्या घड्याळाची वेळ लावते, आणि अल्पशा उजेडानेही त्याचा स्राव मंदावतो. अल्पसा म्हणजे किती, तर २०१३ साली डॉमिनोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेल्या प्रयोगात युरोपीय कस्तुरांना रात्री अवघ्या ०.३ लक्स उजेडात ठेवले असता त्यांची प्रजननसंस्था जवळजवळ एक महिना आधी सिद्ध झाली. पौर्णिमेचे चांदणे फार तर एवढेच असते, आणि आपल्या रस्त्यावरील दिव्याच्या बुंध्याशी दहावीस लक्स सहज भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे गांभीर्य ध्यानी येईल. व्हिएन्नाजवळील वनात केम्पेनार्स यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, दिव्यांच्या सान्निध्यातील नर पहाटे लवकर गाऊ लागतात आणि निळ्या टिट पक्ष्याच्या माद्या सरासरी दीड दिवस आधी अंडी घालतात असे आढळले.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते, कारण तो बहुतेक प्रबंधिकांत दिसत नाही. हे सर्व प्रयोग उत्तरेकडील देशांतले आहेत. व्हिएन्नात उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांचा आणि हिवाळ्याचा साडेआठ तासांहून थोडा कमी असतो. साताऱ्यास सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक पडतो तो सुमारे दोन तासांचाच. शिवाय आपल्याकडील अनेक पक्षी दिवसाच्या लांबीइतकेच, किंबहुना अधिक, पावसाकडे डोळे लावून असतात. सुगरण तर पाऊस पडून हिरवे लांबट गवत हाती आल्याशिवाय खोपा विणावयास घेतच नाही. तेव्हा युरोपातील कस्तुराचे वर्तन आपल्या बुलबुलास जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरू नये. ते लागू पडते की नाही, हाच प्रबंधिकेचा प्रश्न करावा. हा प्रश्न लहान दिसतो, पण त्याचे उत्तर साताऱ्यातच मिळू शकते, व्हिएन्नात नव्हे, ही त्याची थोरवी आहे.

आवाजाचा परिणाम निराळ्या मार्गाने होतो. वाहनांच्या आवाजाची बहुतेक शक्ती दोन हजार हर्ट्झच्या खालच्या कंपनसंख्येत एकवटलेली असते, त्यामुळे पक्ष्याच्या गाण्यातील खर्जाचा भाग तीत बुडून जातो. मग पक्षी काय करतो? कधी तो मोठ्याने गातो. गोंगाटात मनुष्यही नकळत आवाज चढवतो हे एतिएन लोम्बार यांनी १९११ साली सांगितले, आणि पक्ष्यांतही तेच घडते. कधी तो पट्टी बदलतो. नेदरलंड्समधील लायडन शहरातले टिट पक्षी गजबजलेल्या भागात खालचे सूर वरच्या पट्टीत घेतात असे २००३ साली दिसून आले. कधी तो वेळच बदलतो. इंग्लंडातील शेफील्डमध्ये रॉबिन पक्षी रात्री गातात, ते दिव्यांमुळे असा सर्वांचा समज होता, परंतु फुलर व सहकारी यांनी २००७ साली दाखविले, की रात्रीच्या उजेडापेक्षा त्या जागेचा दिवसाचा गोंगाट हेच त्याचे अधिक प्रबळ कारण होते. उजेड आणि आवाज यांची गल्लत कशी होते याचे याहून बोलके उदाहरण नाही. आणि २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को शहर निःशब्द झाले तेव्हा तेथील पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांनी आपले गाणे हळू आणि खालच्या सुरात आणले. अमेरिकेतील ५८ हजारांहून अधिक घरट्यांच्या नोंदी घेऊन १४२ जातींचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, त्यात उजेडामुळे अनेक जातींची वीण लवकर सुरू होते, तर गोंगाटामुळे वनात राहणाऱ्या काही जातींची लांबते, असे परस्परविरुद्ध परिणाम दिसले. दोन्ही कारणे एकाच ठिकाणी असतील तर ती एकमेकांस झाकून टाकतील आणि विद्यार्थ्यास काहीच परिणाम नाही असा आभास होईल, हे यावरून उघड आहे.

आता फारकतीच्या युक्तीकडे येऊ. ती मला सर्वांत देखणी वाटली आहे ती क्लिंटन फ्रान्सिस यांच्या २००९ सालच्या अभ्यासात. न्यू मेक्सिकोत नैसर्गिक वायूच्या विहिरी रानभर विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी काहींवर अहोरात्र घरघरणारे दाबयंत्र बसविलेले असते, काहींवर नसते. बाकी जागा, झाडी, रस्ता, मोकळी जमीन ही सर्व सारखीच. दोहोंची तुलना केली की उरतो तो केवळ आवाज. आणि निष्कर्ष असा चमत्कारिक निघाला, की गोंगाटाच्या विहिरींजवळ जाती कमी होत्या खऱ्या, पण जे पक्षी तेथे टिकले त्यांची घरटी अधिक सुखरूप राहिली, कारण अंडी-पिले खाणारा स्क्रब-जे नावाचा पक्षी त्या आवाजाला कंटाळून दूर गेला होता. पक्ष्यांची हानी होते हे सिद्ध करण्याचा निश्चय करूनच रानात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने हा अभ्यास दोनदा वाचावा. पुढे आयडाहोत एका डोंगरधारेवर, जेथे रस्ताच नव्हता, तेथे झाडांवर ओळीने ध्वनिक्षेपक टांगून वाहनांचा नुसता आवाज चार दिवस वाजवावयाचा आणि चार दिवस बंद ठेवावयाचा, असा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा भुताटकीचा रस्ताच संशोधकांनी उभा केला. आवाज सुरू असताना तेथील पक्ष्यांची संख्या पाव हिश्शाहून अधिक घटली.

न्यू मेक्सिकोच्या वायुविहिरींचे काम आपल्याकडे कोण करील, तर ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांची पंपगृहे. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे टप्प्याटप्प्याने उचलणारी ही पंपगृहे आवर्तन सुरू असताना दिवसरात्र गर्जत असतात आणि आवर्तन संपले म्हणजे गप्प होतात; इमारत तीच, कालवा तोच, बाभळी आणि बांधावरची झाडे तीच. आवर्तन केव्हा सुरू होणार याची तजवीज पाटबंधारे खात्याच्या दफ्तरी आगाऊ झालेली असते, ती शाखा अभियंत्याकडे विनंतीपूर्वक विचारून घ्यावी. अडचण एक आहे : आवर्तनासरशी कालव्यात पाणीही येते, आणि पाण्याबरोबर बगळे, वंचक, खंड्या येतात. त्यास उपाय असा, की पंपगृहापासून तीन-चार किलोमीटर खाली, जेथे पाणी आहे पण आवाज नाही, तेथे दुसरी जागा धरावी, आणि दोन्हीकडे आवर्तनाच्या आधी व आवर्तनात अशा चारही अवस्थांच्या नोंदी घ्याव्यात. पाण्याचा परिणाम दोन्ही ठिकाणी सारखा दिसेल. जो फरक केवळ वरच्या ठिकाणी दिसेल तो आवाजाचा. पंपगृहाच्या आवारातील दिवे मात्र आवर्तन असो वा नसो, चालूच राहतात की काय, हे स्वतः रात्री जाऊन पाहावे.

हीच चारपदरी रचना उसाच्या गळीत हंगामास लावता येते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली, की मार्चपर्यंत कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांतील रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि त्यांतील पुष्कळांवर कर्ण्यांतून गाणी अशा काही आवाजात वाजत असतात, की चालकाला झोप लागू नये हा हेतू गावास झोप लागू न देण्यापर्यंत सहज पोचतो. हंगाम बंद झाला की तो रस्ता एकाएकी शांत होतो. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्याची क्षेत्रीय कामाची मुदतही जानेवारी ते एप्रिल अशीच असल्याने हा योग जुळून येतो. परंतु मार्च संपता संपता वसंतही येतो आणि पक्षी आपोआपच अधिक गाऊ लागतात. तेव्हा ज्या रस्त्याने उसाची वाहतूक होत नाही असा तुलनेचा रस्ता नसेल, तर शांततेचे श्रेय वसंताला की कारखान्याला, हा वाद मिटणार नाही. एकाऐवजी उसाच्या वाहतुकीचे तीन-चार रस्ते व तितकेच तुलनेचे असावेत. एकाच दिव्याखाली चाळीस पहाटा नोंदविल्या तरी दिवा एकच राहतो. १९८४ साली हर्लबर्ट यांनी प्रयोगांतील या खोट्या पुनरावृत्तीवर जो प्रहार केला, त्याचा घाव अद्यापही अनेक प्रबंधिकांवर बसतो.

आवाजाविना उजेड कोठे मिळेल? येथे आमच्या बागायतदारांचे आभार मानावयास हवेत. शेवंती हे रात्र लांबली म्हणजे फुलणारे झाड. त्याचे फुलणे लांबणीवर टाकावयाचे तर रात्री दिवे लावतात. ड्रॅगन फ्रूट हे त्याच्या उलट, दिवस मोठा असता बहरणारे. हंगामाबाहेर बहार धरावयाचा तर त्याच्याही बागेत हिवाळ्यात रात्रीचे काही तास दिवे लावण्याची पद्धत महाराष्ट्रात आली आहे, आणि सांगली जिल्ह्यात हे फळ आता चांगलेच रुजले आहे. कडेगाव तालुक्यातील तडसरचा माल २०२१ साली दुबईस रवाना झाला होता. शंभर वर्षांपूर्वी रोवन यांनी जंकोंच्या पिंजऱ्यावर जे केले, तेच आज शेतकरी झाडांवर करतो आहे. फरक एवढाच, की कुंपणावरच्या आणि शेजारच्या ज्वारीतल्या पाखरांचा त्यात कोणी विचार केलेला नाही. माळरानावर, वस्तीपासून दूर, वाहनांचा आवाज नसताना रात्री उजळून निघणारी अशी बाग आणि तिच्यापासून काही अंतरावरची तशीच पण अंधारी बाग, ही जोडी मिळाली तर उजेडाचा शुद्ध परिणाम पाहावयास याहून चांगली प्रयोगशाळा नाही. बागायतदाराची संमती आधी घ्यावी, दिवे लागण्या-विझण्याच्या वेळा त्याच्याकडूनच उतरवून घ्याव्यात, आणि तो कोणती औषधे केव्हा फवारतो हेही विचारावे, कारण कीटक मेले तर पक्षी कमी दिसतील आणि त्याचे खापर दिव्यावर फुटेल.

उलटपक्षी उजेडाविना आवाज हवा असेल तर पुणे-बंगळूर महामार्गाचे, गावांच्या आणि उड्डाणपुलांच्या मधले, दिवे नसलेले भाग पाहावेत. भारनियमनाच्या वा बिघाडाच्या रात्री गावातला उजेड नाहीसा होतो आणि आवाज बराचसा तसाच राहतो. अशा रात्री सांगून येत नाहीत, पण ध्वनिमुद्रक झाडावर आधीच लावलेला असेल तर त्या हाती लागतात. कडेगाव तालुक्यातच मोहित्यांचे वडगाव या गावी ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो व दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद राहतात, हे वर्तमान सर्वांनी वाचलेच असेल. मुलांच्या अभ्यासासाठी काढलेल्या त्या भोंग्याचा रातथाऱ्यास जाणाऱ्या साळुंक्यांवर काय परिणाम होतो हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण रोज त्याच वेळी होणारा आवाज ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठी मौल्यवान गोष्ट आहे. मांढरदेवी, पाली येथील यात्रा आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुका यांत उजेड, आवाज व माणसे यांचा एकदमच लोंढा येत असल्याने त्यांच्या वाटेस प्रथम जाऊ नये.

या प्रांतातच घडलेल्या एका संशोधनाचा उल्लेख केल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया थाकर यांनी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांच्यासह तेथे जो अभ्यास केला आणि २०१८ साली प्रसिद्ध केला, त्यात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. ते कमी झाल्यामुळे गळ्याचा पंखा पसरणारे सरडे वाढले, आणि ते सरडे मनुष्य जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले, शरीराने मात्र रोडावले. एका स्तरावरील बदल दुसऱ्या स्तरावर कसा झिरपतो याचे हे जगन्मान्य उदाहरण साताऱ्याच्या उशाशी आहे. परंतु शिकारी पक्ष्यांना पळविले कोणी, पात्यांच्या फिरण्याने की त्यांच्या घोंघावण्याने, हा प्रश्न तेथे अद्याप मोकळा आहे, आणि वारा पडल्यामुळे पाती थांबलेले दिवस त्या पठारावर काही दुर्मीळ नसतात. पीएच्.डी.ची उमेद असणाऱ्याने इकडे लक्ष द्यावे.

जातीची निवड करताना मोह आवरावा. दुर्मीळ पक्षी थोडे दिसतात आणि थोड्या नोंदींवर निष्कर्ष उभा राहत नाही. माझी शिफारस दयाळ पक्ष्याची आहे : तो गावात राहतो, मार्चपासून पुढे अंधार असतानाच गाऊ लागतो, आणि गाणे ठसठशीत असते. त्याने पहिली शीळ सूर्योदयापूर्वी किती मिनिटे घातली, एवढी एकच नोंद अनेक जागी घेतली तरी चांगली प्रबंधिका होईल. उजेडाचा लाभ घेणाऱ्यांत पिंगळा पाहावा. दिव्याभोवती जमलेल्या किड्यांवर तो आयताच ताव मारतो. टिटवी रात्री ओरडतेच, त्यामुळे तिच्या रात्रीच्या आवाजाचा दोष दिव्याला देऊ नये. ज्वारीच्या शेतात हिवाळ्यास येणारे काळ्या आणि लाल डोक्याचे भारीट हा तर स्वतंत्र अध्याय होईल, कारण दिवसाच्या लांबीचा त्यांच्या शरीरावर होणारा परिणाम भारतीय प्रयोगशाळांतून पुष्कळ अभ्यासला गेला आहे. शेतात मात्र तो पाहिला गेला पाहिजे. मायणीच्या तलावावरील रोहित पक्ष्यांकडे विद्यार्थ्यांचा ओढा असतो. ते एखाद्या वर्षी आलेच नाहीत तर सत्र वाया जाते.

मोजमापाविषयी थोडे. लक्समापक घेताना तो ०.०१ लक्सपर्यंत वाचतो काय ते पाहावे. बाजारातील स्वस्त मापक जेथे शून्य दाखवितो तेथेच पक्ष्याचे शरीर जागे होत असते, आणि मोबाइलमधील मापक तर या कामी निरुपयोगी. मोजणी जमिनीवर न करता पक्षी बसतो त्या उंचीवर करावी, चंद्राची तिथी व ढग लिहावेत, दिवा पिवळ्या सोडियमचा की पांढरा एलईडी हे नोंदवावे; २०१५ नंतर गावोगाव दिवे बदलले आहेत आणि पांढऱ्यात निळ्या प्रकाशाचे प्रमाण अधिक असते. विस्तृत प्रदेशाचा अंदाज उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या उजेडाच्या नकाशांवरून विनामूल्य घेता येतो. आवाज एका क्षणाचा मोजू नये. निदान दहा-पंधरा मिनिटांचा सममूल्य स्तर घ्यावा. आणि डेसिबल हे लघुगणकी माप आहे हे विसरू नये : एकदा ६० आणि एकदा ८० भरले तर त्यांची सरासरी ७० नसून सुमारे ७७ असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती माणसांच्या सुखासाठी घातलेली आहे, म्हणून तुलनेस घ्यावी, पक्ष्यांची सहनशीलता म्हणून नव्हे.

गोंगाटात निरीक्षकाचे कानही बधिर होतात, ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण तिच्यामुळे कित्येक निष्कर्ष फुकट गेले आहेत. रस्त्याकाठी कमी पक्षी ऐकू आले म्हणजे कमी पक्षी होते असे ठरत नाही. यास्तव दिसलेले आणि ऐकलेले यांचे रकाने निराळे ठेवावेत, प्रत्येक पक्ष्याचे अंदाजी अंतर लिहावे, आणि तुलना जवळच्या पक्ष्यांपुरतीच करावी. ऑडिओमॉथसारखा छोटा ध्वनिमुद्रक आता संशोधन-विभागांच्या आवाक्यात आला आहे. रेव्हन या संगणक-प्रणालीत त्याचे ध्वनिचित्र काढता येते. तेथेही सापळा आहे. गाण्याचा सर्वांत खालचा सूर नजरेने मोजावयास गेलो तर गोंगाटाच्या मुद्रणात तो भाग पडद्याआड गेलेला असतो, आणि पक्षी वरच्या पट्टीत गातो असा भास होतो. म्हणून सर्व मुद्रणांना एकच ध्वनिशक्तीची पातळी ठरवून प्रणालीकडूनच माप काढावे. यंत्राने जाती ओळखून दिल्या तरी प्रत्येक जातीचे काही नमुने स्वतःच्या कानांनी तपासल्यावाचून त्यांवर शिक्कामोर्तब करू नये.

रात्री-अपरात्री रानात जावयाचे तर एकट्याने जाऊ नये. कराड, पाटण, शिराळा या भागांत उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे, बांधावर घोणस असते, आणि अंधारात दुर्बीण व विजेरी घेऊन हिंडणाऱ्या परक्या इसमाविषयी गावाला संशय येणे स्वाभाविक आहे. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना महाविद्यालयाचे पत्र आधीच दाखवून ठेवावे. घरट्यावर प्रकाश टाकू नये, पिलांची छायाचित्रे काढू नयेत, नराचे मुद्रित गाणे विणीच्या दिवसांत पुनःपुन्हा वाजवून त्याला छळू नये.

राहिला परवाना. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून पक्षी पाहण्यास आणि ऐकण्यास कोणाचा हुकूम लागत नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये पक्षी पकडणे, त्याच्या पायात कडी घालणे किंवा रक्ताचा थेंब घेणे यांस मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वपरवानगी अवश्य आहे, आणि त्यांची कचेरी नागपुरास आहे. सागरेश्वर, कोयना वा चांदोली यांच्या हद्दीत काम करावयाचे असल्यास प्रवेशाची परवानगीही निराळी घ्यावी लागते. संप्रेरके मोजण्याचा हव्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याने धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परवाना हाती येईपर्यंत सत्र संपते, आणि गाण्याच्या वेळेवरून जे कळते ते थोडे नसते.

पावसाळा संपताच जागा दिवसा आणि रात्री पाहून घ्याव्यात, परवानगी लागणार असेल तर तिचा अर्ज दिवाळीपूर्वी मार्गदर्शकांच्या सहीने रवाना करावा आणि त्याची पोच सांभाळून ठेवावी, डिसेंबरात उपकरणे एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि पौष अमावास्येच्या आसपास, चंद्राचा उजेड नसताना, पहिली पहाट नोंदवावी. मूळ ध्वनिमुद्रणे दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या नावात जागा, तारीख व वेळ घालावी. परिणाम काहीच आढळला नाही तर तसे लिहावे, आणि बागायतदारास, पंपगृहाच्या अभियंत्यास व ग्रामपंचायतीस प्रबंधिकेचा दोन पानी मराठी सारांश नेऊन द्यावा. पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरा विद्यार्थी यावयाचा असतो.